सात नंबरचा दोरा

झ्लातिनाला माणसं अवजारांवरून लक्षात राहत. यावोर म्हणजे दहा नंबरचा पान्हा, परत देताना कापडाने पुसून देणार. हँगरचे साहेब कामबुरोव म्हणजे एक पोलादी मोजपट्टी. ती त्यांनी सहा वर्षांपूर्वी 'पाच मिनिटांसाठी' नेली होती आणि विचारलं की आजही 'टेबलावरच आहे' म्हणत. आणि रांगेल म्हणजे बॅटरी. इंजिनाच्या पोटात डोकं घालायचं असल्यामुळे तो रोज बॅटरी न्यायचा आणि रोज ती चालूच परत आणून ठेवायचा. झ्लातिना बटण बंद करायची आणि म्हणायची, "दिवसाढवळ्या कोणाला रस्ता दाखवत होतास?" रांगेल म्हणायचा, "तुला." बावीस वर्षं हेच चाललं होतं, आणि दोघांनाही त्यात काही बदल करावासा वाटला नव्हता.

समुद्राकाठच्या बुर्गास गावातल्या ह्या विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये खरी धावपळ हिवाळ्यात. उन्हाळ्यात विमानं समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांची ने-आण करतात. नोव्हेंबर ते एप्रिल ती इथे येऊन झाकणं उघडी टाकून पडतात. टूल रूमच्या खिडकीतून अवजारं बाहेर जातात आणि संध्याकाळी आत येतात. प्रत्येक अवजाराला त्याच्या अंगाबरहुकूम कापलेली खाच, त्यामुळे एखादं परत आलं नाही तर रिकामी खाच पडलेल्या दातासारखी दिसते. आणि नियम एकच. जितकी अवजारं गेली तितकी आल्याशिवाय विमान दाराबाहेर जात नाही. एक स्क्रू ड्रायव्हर कमी असला तरी नाही. प्रवासी बोंबलत असले तरी नाही. हा नियम झ्लातिनाने केलेला नव्हता, पण ती तो अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, विमानाचा शोध लागला त्या दिवशी हीच बाई रजिस्टर घेऊन बाजूला उभी होती.

जानेवारीत राजधानीतून, सोफियाहून, मिग्लेना आली. नवी सुरक्षा अधिकारी, वय चौतीस, केस घट्ट बांधलेले, बाह्या मनगटापर्यंत, आणि बोलताना समोरच्याच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या नाहीत ना ते बघायची सवय. आल्या आल्या तिने जेवणाच्या खोलीत एक निळी पेटी लावली. स्वतःच्या हातून काही चूक झाली, होता होता राहिली, तर लिहून टाका. जो स्वतः लिहील त्याला शिक्षा नाही. सगळीकडे आता असंच करतात, ती म्हणाली. लोक दडवतात तिथे विमानं पडतात, लोक सांगतात तिथे नियम सुधारतात.

म्हणणं बरोबर होतं. पण ह्या हँगरमधल्या अर्ध्या लोकांच्या आईबापांनी असा काळ पाहिला होता की कागदावर नाव लिहून पेटीत टाकलं की त्या नावाचा माणूस काही दिवस दिसत नसे. पेटीला 'कबुलीपेटी' नाव पडलं. फेब्रुवारीअखेर मिग्लेनाने ती उघडली तेव्हा आत सूर्यफुलाच्या बियांची मूठभर टरफलं होती आणि एक चिठ्ठी: 'घेवड्याच्या सुपात घेवडा वाढवा.'

"वरच्या ऑफिसात मी काय सांगू?" मिग्लेनाने कामबुरोवना विचारलं. "की इथे दोन महिन्यांत एकही चूक झाली नाही?"

"अभिमानाची गोष्ट आहे," कामबुरोव म्हणाले.

"संशयाची गोष्ट आहे," मिग्लेना म्हणाली.

आणि मग सत्तावीस फेब्रुवारीला तिने ते परिपत्रक लावलं. हँगरमध्ये कोणीही मनगटाला दोरा बांधून येणार नाही.

आता मार्चच्या एक तारखेला बुर्गासमध्ये कोणाचं मनगट रिकामं राहतं? लाल आणि पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा, मार्तेनित्सा. आई बांधते, बायको बांधते, शेजारीण बांधते, बँकेतली बाईसुद्धा सुटे पैसे देता देता बांधते. मार्च महिना म्हणजे लहरी म्हातारी, मार्ता आजी; सकाळी ऊन देईल, दुपारी गारा. तिला खूश ठेवायचं तर करकोचा दिसेपर्यंत, नाहीतर फुललेलं झाड दिसेपर्यंत दोरा सोडायचा नाही. दिसला की फांदीला बांधून मोकळं व्हायचं. ह्यावर विश्वास नसलेले लोकही बांधतात. खरं तर तेच जरा जास्त घट्ट बांधतात.

जेवणाच्या खोलीत गलका झाला.

"बाईसाहेब," रांगेल उभा राहून म्हणाला. तो ह्या पाळीचा मुख्य मेकॅनिक. त्याची सही पडली की विमान उडायला मोकळं. निवृत्तीला दोन महिने उरले होते. "माझ्या मेहुण्याने गेल्या वर्षी दहा मार्चलाच दोरा तोडला. एप्रिलमध्ये गाडी चोरीला गेली."

"इंजिनाचा पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो, रांगेलकाका," मिग्लेना म्हणाली. "त्याला तुमच्या मेहुण्याचं काहीही वाटत नाही."

"मेहुण्याचं मलाही वाटत नाही. गाडी माझी होती."

हसण्याच्या त्या खळखळाटात झ्लातिना पुढे आली. तिला रुसवेफुगवे आवडत नसत. त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात करता येत नाही. "दोऱ्याला अवजार करून टाका," ती म्हणाली. "नंबर द्या. मी वर्णनासकट लिहून घेते. बाहीखाली दोरा, वरून चिकटपट्टी. आत जाताना मला मनगट दाखवायचं, बाहेर येताना मनगट दाखवायचं."

"आणि हरवला तर?"

"पान्हा हरवल्यावर जे होतं तेच. विमान जागेवर."

"आणि?" मिग्लेनाची पेन्सिल थांबली नव्हती.

इथे झ्लातिनाची जीभ तिच्यापेक्षा दोन पावलं पुढे गेली. तिने कमरेचा जुडगा काढून टेबलावर आपटला. "आणि ह्या चाव्या तुमच्या टेबलावर. टूल रूम दुसऱ्या कोणाला द्या, आणि पुढच्या वर्षीपासून दोऱ्याचं नाव कोणी काढणार नाही."

मिग्लेनाने तेही लिहून घेतलं. लिहून घेतलं हे झ्लातिनाला आवडलं, आणि त्याच वेळी टोचलंही.

एक मार्चला रजिस्टरमध्ये नवं पान पडलं. एकोणीस माणसं, एकोणीस दोरे. तिने लिहिलं होतं तसं: 'क्र. ३, यावोर, सुती, फुगीर गोंडा, मुलीने केलेला, वाकडा.' 'क्र. ११, कामबुरोव, रेशमी, दुकानी.' 'क्र. ७, रांगेल, लोकर, दोन पदरी, पीळ डावा, लाकडी मणी एक, टोकं लायटरने जाळलेली.' डावा पीळ कारण त्याची बायको पेन्का डावखुरी. अशा गोष्टी लिहिताना झ्लातिनाला मनापासून बरं वाटायचं.

वीस दिवस सुरळीत गेले. करकोच्यांनी यंदा उशीर लावला होता, आणि मागच्या कुंपणापलीकडचं आलुबुखाराचं झाड कळ्या धरून हट्टाने बसलं होतं.

एकवीस तारखेला डाव्या इंजिनाचं काम संपवून एक विमान दुपारी दोनला सोफियाला जायचं होतं. तिथे संध्याकाळी प्रवासी त्याची वाट बघणार होते. बारा वाजता सूप आलं. लोक एकेक करून खिडकीशी येऊन मनगट दाखवू लागले. तीन, पाच, अकरा, झ्लातिना खुणा करत गेली. मग रांगेल आला. त्याने बाही वर केली. चिकटपट्टी होती, एका बाजूने सुटलेली. पट्टीखाली काही नव्हतं.

दोघांनी मनगटाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

"सकाळी होता," रांगेल म्हणाला.

"सकाळी होता," झ्लातिना म्हणाली. "माझी खूण आहे."

पुढचं काम तिने स्वतः केलं. लाल पाटी घेतली, विमानाच्या शिडीपर्यंत चालत गेली आणि दाराला लटकवली: सात नंबर गहाळ, विमान जागेवर. परत येताना मिग्लेना समोर उभी होती. ती झ्लातिनाच्या कमरेकडे, चाव्यांकडे, एक नजर टाकून इंजिनाकडे गेली.

सूप थंड झालं. सगळे शोधायला लागले. जमिनीवर रांगत, कपाटांखाली, कचऱ्याच्या डब्यात, रांगेलच्या डब्यातल्या चीजखालीसुद्धा. इंजिनाची झाकणं पुन्हा उघडली गेली. कामबुरोव फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते आणि पलीकडच्या विमान कंपनीला सांगत होते की एक तांत्रिक बाब आहे, हो, अगदी लहान, हो, साधारण वीतभर.

एकाला दहा कमी असताना यावोर खिडकीशी आला. तिशी ओलांडलेला धिप्पाड माणूस. पण त्या क्षणी चेहरा शाळेत फळा पुसायला उठलेल्या पोरासारखा.

"लेल्या झ्लातिना," तो म्हणाला. तिला मावशी म्हणणारे हँगरमध्ये बरेच होते, पण काही हवं असलं की आवाज असा मऊ व्हायचा. "सापडला बघ. न्हाणीघराच्या दाराशी."

तिने दोरा हातात घेतला. "मणी कुठाय?"

"कसला मणी?"

"रांगेलच्या दोऱ्याला लाकडी मणी आहे."

"पडला असेल!"

"मग मला मणी आणून दे. दोरा इंजिनात परवडला, मणी नाही परवडत."

यावोरच्या दुसऱ्या हातात गोंडा होता. आपल्याच घरातल्या शिल्लक दोऱ्याचा, आत्ताच कापलेला. मार्च महिन्यात ह्या गावात माणसाला सात-आठ दोरे मिळतात. बांधतो एक, बाकीचे खिशात, गाडीत, खणात पडून असतात. झ्लातिनाने रजिस्टर ओढलं. बारा पन्नास, यावोर, दोरा एक, जास्तीचा. आणि दोरा एका डबीत टाकला.

"हे का लिहितेस?"

"काउंटरवर आलं ते लिहायचं. पळ, शोध."

सव्वा वाजता कामबुरोव आले. घाम पुसत, हसत. "संपला प्रश्न! टायरजवळ होता. मणी आहे बघा, लाकडी आहे."

यावोरने बाहेर जाऊन मण्याची बातमी फोडली होती हे उघड होतं. झ्लातिनाने दोरा उजेडात धरला. "साहेब, पीळ उजवा आहे."

"पिळाला उजवं-डावं असतं?"

"पेन्का डावखुरी आहे."

"अहो, वीस दिवसांत फिरला असेल पीळ!"

"तुमच्या टेबलावरच्या मोजपट्टीसारखा?" झ्लातिनाने विचारलं आणि लिहिलं: एक पंधरा, कामबुरोव, दोरा एक, मणी एक, जास्तीचा. कामबुरोवनी टोपी नीट केली आणि ते निघून गेले. पाच मिनिटांनी मोजपट्टी आली. खाचेत ठेवताना झ्लातिनाला वाटलं, आजचा दिवस अगदीच वाया नाही.

पण घड्याळ पुढे जात होतं. तिने चाव्या चाचपल्या. बावीस वर्षांत ह्या चाव्यांनी कमरेला घट्टा पाडला होता. तिच्यानंतर इथे कोण बसणार? मिग्लेना एखादं यंत्र लावील. अवजाराला चिप चिकटवील, खिडकीशी पट्टी फिरवली की टूं वाजेल. असं यंत्र आहे, तिने जाहिरातीत पाहिलं होतं. त्याला पान्हा कळतो. रांगेल आज नेहमीपेक्षा कमी बोलतोय हे त्याला कळणार नाही.

एक चाळीसला रांगेल स्वतः आला. दार लावून घेतलं. मूठ उघडली.

लोकर, दोन पदरी. पीळ डावा. लाकडी मणी एक. टोकं जाळलेली. मळलेला, तेलकट, जसा वीस दिवस इंजिनात हात घालणाऱ्याचा असावा तसा.

"सापडला," तो म्हणाला. "माझाच आहे."

झ्लातिनाचा जीव भांड्यात पडला. पेन उचललं, खूण करायला रकान्यावर नेलं. आणि मग, कारण ती झ्लातिना होती, तिने दोरा नाकाशी नेला.

खोलीत बाहेरून फक्त कोणाच्या तरी बुटांचा आवाज येत होता.

"रांगेल," ती म्हणाली. "पेन्काने आज मेकित्सी तळल्या का?"

रांगेलने रिकामी मूठ खिशात घातली.

"ह्याला तळणीचा वास येतोय. सूर्यफुलाचं तेल. आपल्या इंजिनात हे तेल कोणी कधी घातलं?"

"मी तिला फोनवर सांगितलं होतं, नवा पीळ आणि तेलात बुडव," तो शेवटी म्हणाला. "कुठल्या ते सांगायचं राहिलं. सायकलवर आणून गेटवर दिला बिचारीने. अजून कणकेचे हात होते." तो स्टुलावर बसला. "घे ना गं लिहून. तो दोरा खरंच कुठेतरी बाहेरच पडला असणार. मोरीत, रस्त्यावर. वीस माणसांनी शोधला. विमान दोनला जाईल, तुझ्या चाव्या राहतील, पोरांचे दोरे राहतील. माझं काय, मी दोन महिन्यांनी घरी. पण माझ्यापायी तुझी खोली गेली, तर मी घरी जाऊन काय तोंड दाखवू? पेन्का मला जेवायला नाही घालणार."

त्याचं म्हणणं बरोबर असण्याचीच शक्यता जास्त होती, हे झ्लातिनाला माहीत होतं. एक खूण. पेन रकान्यापासून बोटभर वर होतं. कोणी कधी विचारलंही नसतं. मालक स्वतः म्हणतोय माझा.

तिने डबीत पाहिलं. दोन तिथे, एक हातात.

"हरवला एक," ती म्हणाली, "सापडले तीन, आणि तरी एक कमीच आहे. असला हिशोब मी बंद कसा करू?" आणि लिहिलं: एक बेचाळीस, रांगेल, दोरा एक, मणी एक, जास्तीचा. "चाव्या खुंटीला लटकतील, रांगेल. तो दोरा कुठे लटकतोय ते मला ठाऊक नाही, आणि तुलाही नाही. ऊठ."

"कुठे जाऊ?"

"कुठेच नाही. सकाळपासून काय काय केलंस ते इथेच करून दाखव. तोंडाने नको, हाताने."

आणि एकसष्ट वर्षांचा तो माणूस टूल रूमच्या मधोमध उभा राहून हवेत इंजिन दुरुस्त करू लागला. शिडी चढला. झाकण उघडलं. वाकला, मान तिरकी केली, दात आवळून हवेतली बॅटरी धरली. दार किलकिलं करून यावोर आणि आणखी दोघंतिघं डोकावून बघत होते. त्यांच्यामागे मिग्लेना केव्हा येऊन उभी राहिली ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"फिल्टर काढला. बसवला. हा पान्हा असा. मग पाइप, इंधनाचा, मागचा. त्याची क्लिप काढली, नवी बसवली..." त्याचा डावा हात खोल गेला, उजवा त्याच्यामागे.

"थांब," झ्लातिना म्हणाली. "बॅटरी कुठेय?"

"काय?"

"फिल्टर बसवताना बॅटरी दातांत होती. आता दोन्ही हात आत आहेत आणि तोंडाने तू माझ्याशी बोलतोयस. बॅटरी कुठे गेली?"

रांगेल हवेतल्या इंजिनात हात घालून तसाच उभा राहिला.

झ्लातिनाचं बोट रजिस्टरवरून खाली गेलं. "दहा वीस. बॅटरी परत, सेल संपलेला. काल संध्याकाळी ती इथल्या मागच्या बाकावर चालू ठेवून गेलास. मी बघेपर्यंत सकाळ झाली होती. दुसरी तू नेलीस दहा पंचेचाळीसला. मधली पंचवीस मिनिटं काय करत होतास?"

"नव्या सेलांचं खोकं गोदामातून यायचं होतं ना," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, तोवर ती क्लिप... ती क्लिप मी डोळे मिटून बसवतो, झ्लातिना. तीस वर्षं बसवतोय. चाचपून बसवली."

यावोर खिडकीशी आला. ह्या वेळी आवाज मऊ नव्हता. "लांब दांड्याचा आरसा दे. आणि बॅटरी."

तिने दिली, वेळ लिहिली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा खिडकी बंद करून स्वतः विमानापाशी गेली.

यावोर शिडीवर. मग त्याचे खांदे झाकणाच्या आत. मग नुसते बूट. खाली रांगेल, कामबुरोव, मिग्लेना आणि बाकीचे, सगळ्यांच्या माना वर.

"काही नाही," यावोरचा आवाज पिंपातून आल्यासारखा. "काही नाही... थांबा." बूटही आत सरकले. "लाल दिसतंय."

लोकर क्लिपच्या खाली चिमटली होती. क्लिप वरून बघितली तर घट्ट, सरळ, निर्दोष. हाताला लागायची तर तीही घट्टच लागायची. पण आत पट्टी आणि पाइप ह्यांच्यामध्ये लोकरीची घडी होती आणि पाइपाच्या मागे मणी अडकला होता. आणखी काही दिवस इंजिनाने थरथरून त्या लोकरीचा भुगा केला असता. मग क्लिप ढिली, मग पाइप घासला जाणार. त्या पाइपातून काय वाहतं ते तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती.

रांगेलने टोपी काढली. तो डाव्या मनगटावर उजवी मूठ धरून उभा राहिला.

क्लिप बदलली गेली, ह्या वेळी दोन बॅटऱ्यांच्या उजेडात आणि दोघांच्या डोळ्यांदेखत. सगळं पुन्हा तपासून विमान चार पस्तीसला निघालं. कामबुरोवनी सोफियाला फोन करून सांगितलं की वीतभर तांत्रिक बाब सापडली. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण त्यांचा कान बराच वेळ लाल होता.

झ्लातिनाने सात नंबरपुढे खूण केली. मग जुडगा काढला, रजिस्टर बगलेत मारलं आणि मिग्लेनाच्या खोलीत जाऊन दोन्ही टेबलावर ठेवलं.

"हरवला होता," ती म्हणाली. "तुमच्याकडे लिहिलेलं आहे."

मिग्लेनाने चाव्या उचलल्या, हातात वजन केल्यासारख्या धरल्या आणि दुसऱ्या हाताने रजिस्टर उघडलं. बारा पन्नास. एक पंधरा. एक बेचाळीस. तिने ते दोनदा वाचलं.

"खोटे दोरे. तीन. नावांसकट." ती म्हणाली. "त्यातलं एक माझ्या साहेबांचं. हे वरच्या ऑफिसात गेलं तर काय होईल, कल्पना आहे?"

"म्हणूनच म्हणते, रजिस्टरमधून जाऊ देऊ नका. पेटीतून जाऊ द्या." झ्लातिना खुर्चीवर बसली. भाजीवालीशी बोलताना बसावं तशी, पिशवी मांडीवर नसली तरी. "स्वतः लिहील त्याला शिक्षा नाही, असं तुम्हीच म्हणालात. तिघं आज लिहितील, मी लिहवून घेते. चौथा कागद रांगेलचा, अंधारात क्लिप बसवली म्हणून. पाचवा माझा: संपलेल्या बॅटरीच्या बदली दुसरी तयार नव्हती. खोक्याची वाट बघायला लागली, म्हणून माणूस अंधारात गेला. तीन महिन्यांत तुमच्या पेटीत टरफलं पडली. आज एका दिवसात पाच कागद."

"तुम्ही माझ्याशी सौदा करताय?"

"छे. बेरीज करून दाखवतेय."

मिग्लेनाच्या ओठाचा एक कोपरा हलला. "कागद पाच, ठीक. पण तुमचा शब्द वेगळा होता. हरवला तर चाव्या."

"हो," झ्लातिना म्हणाली. आता तिच्या आवाजात सौदा नव्हता. "तो शब्द तुमच्या हातात आहे."

त्याच वेळी बाहेर यावोर ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही, पण पाठोपाठ सगळा हँगर धावत सुटल्याचा आवाज आला. मिग्लेना दचकून उठली, चाव्या तशाच हातात; झ्लातिनाने रजिस्टर बगलेत मारलं आणि दोघी बाहेर पळाल्या.

मागच्या कुंपणाशी सगळे उभे होते, तोंडं वर करून. तळ्याच्या बाजूने, खूप उंच, पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते. एक, मग तीन, मग मोजायची सोय नाही इतके. ऊन त्यांच्या पंखांवर पडलं की दिसत, वळले की नाहीसे होत.

"आले!" रांगेल म्हणाला. त्याच्या हातात तो चुरगळलेला दोरा होता, क्लिपने मधोमध चपटा केलेला. "मार्ता आजी, बाई, आज सकाळीच आले असते तर काय बिघडलं असतं?"

"टॉवरला कळवायला हवं," मिग्लेना म्हणाली. "धावपट्टीच्या इतक्या जवळ पक्षी." पण पाय हलले नाहीत. तिने नीट दिसावं म्हणून हात कपाळाशी धरला, उन्हाला आडवा, चाव्यांचा जुडगा बोटांत लोंबकळत. आणि जानेवारीपासून कोणी वर सरकलेली न पाहिलेली ती बाही कोपरापर्यंत घसरली.

मनगटावर दोरा होता. बारीक, लाल-पांढरा, मधे निळा मणी. चिकटपट्टी नाही.

आधी यावोरने पाहिलं, मग कामबुरोवनी, आणि ते एकदम आकाशाकडे बघायला लागले, जणू करकोचे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. झ्लातिनाने मात्र पाहिलं आणि बघत राहिली. तिच्या डोक्यात रकाना उघडला होता. एक मार्चपासून एकवीस दिवस. रोज निदान दोनदा हँगरमध्ये. आज तर शिडीखाली, उघड्या इंजिनाच्या तोंडाशी.

मिग्लेनाला ती नजर लागली. तिने आधी झ्लातिनाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. कानापर्यंत लाल झाली.

"आईने बांधला," ती पुटपुटली. "सोडायचा कसा?"

"तेच तर आम्ही सांगत होतो," रांगेल आकाशाकडे बघत म्हणाला.

झ्लातिनाने बगलेतलं रजिस्टर उघडलं आणि एकोणीसच्या खाली लिहिलं: 'क्र. २०, मिग्लेना, सुती, बारीक, निळा मणी एक, नोंद उशिरा.' मग पेटीत टाकायचा एक कोरा फॉर्म पानांतून काढला, पेनासकट पुढे केला, आणि दुसरा हात पसरला.

"चाव्या इकडे द्या," ती म्हणाली. "लिहायला हात मोकळा हवा."